संगीतकारावरचा माहितीपट : जे दिसत नाही ते दाखवायचं कसं?



मागच्या वर्षी पाचवीच्या मुलांना घेऊन आम्ही मोबाईलवर सहा मिनिटांचा एक माहितीपट केला. विषय होता आमच्या गावच्या भजनी मंडळाचे पेटीमास्तर. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. आप्पा नुसती साथ करायचे नाहीत, अभंगांना स्वतः चाली लावायचे. त्यातल्या काही चाली आजही काकड्याला म्हटल्या जातात, आणि म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना त्या कुणाच्या हे माहीतही नाही. म्हणून हा विषय घेतला.

अडचण पहिल्याच दिवशी आली. आप्पांचा एकच फोटो मिळाला, तोही दिंडीतला, पंधरा माणसांत मागच्या रांगेत. मग दाखवायचं काय? मुलांनी झटकन उपाय काढला. वर्गातल्या एका मुलाला धोतर, कोट, टोपी घातली, पुढ्यात पेटी ठेवली आणि त्याचं चित्रीकरण केलं. मलाही ते आवडलं. पालक मेळाव्यात फिल्म दाखवली, टाळ्या पडल्या.

आप्पांची लेक पहिल्याच रांगेत बसली होती. आम्ही तिला आक्का म्हणतो. कार्यक्रम संपल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, पोरांनी छान केलंय. पण आप्पा डावखुरे होते. डाव्या हातानं पेटी वाजवायचे, उजव्यानं भाता. आता ही पोरं त्यांना असंच समजणार ना?"

काय बोलणार? आम्ही तिच्या घरी दोनदा जाऊन आलो होतो, चहा पिऊन आलो होतो. हे विचारायचं मुलांना सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

माझा मावसभाऊ पुण्यात चित्रपटाचं शिक्षण घेतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "ताई, तुमच्या पोरांचं जे झालं ना, त्यावरून बीबीसीमध्ये साठ वर्षांपूर्वी भांडणं झालीत." त्याने सांगितलेल्या फिल्मविषयी मी मिळेल ते वाचलं, मिळेल ते पाहिलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडते. शास्त्रीय संगीताची, त्यातून पाश्चात्त्य संगीताची, मला फार जाण नाही. पण हा प्रश्न संगीतापेक्षा खरेपणाचा आहे, आणि तो वर्गात रोज येतो.

आधी एक साधी गोष्ट. कुंभारावर फिल्म करायची तर काम सोपं असतं. चाक फिरतं, माती वर येते, मडकं होतं, कॅमेऱ्याला सगळं दिसतं. नव्या रचना करणाऱ्या संगीतकाराचं काम मात्र दिसतच नाही. माणूस खिडकीबाहेर बघत बसलाय, एवढंच दिसणार! त्याच्या डोक्यात चाल तयार होते आहे की तो दुधाचा हिशोब करतोय, हे कॅमेऱ्याला कसं कळणार? त्यातून बहुतेक मोठे संगीतकार चलच्चित्र येण्याआधीच होऊन गेलेले. ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये पैसे घेऊन पहिले खेळ दाखवले ते डिसेंबर १८९५ मध्ये. त्याआधीच्या जवळजवळ कुणाचंच हलतं चित्र नाही. मग फिल्म करणाऱ्याच्या हाती तीन गोष्टी राहतात : जुने फोटो, ती माणसं राहिली त्या जागा, आणि नटाकडून करून घेतलेला अभिनय. पहिल्या दोन गोष्टींनी कुणाचं फारसं बिघडत नाही. सगळा घोळ तिसरीने होतो.

आता ती बीबीसीची गोष्ट. एडवर्ड एल्गार हे इंग्लंडचे संगीतकार, जन्म १८५७, वुस्टर शहराजवळच्या ब्रॉडहीथ गावातला. वडील पियानोचे सूर लावून द्यायचे आणि त्यांचं शहरात संगीताच्या साहित्याचं दुकान होतं. रचना शिकायला एल्गार कुठल्या मोठ्या संगीत विद्यालयात गेले नाहीत. दुकानातल्या वह्या-पुस्तकांतून, चर्चमधल्या संगीतातून, वाजवता वाजवता शिकले. पोटासाठी व्हायोलिनच्या शिकवण्या केल्या. जवळच्या एका मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या बँडचे ते काही वर्षं प्रमुख होते. खरी कीर्ती मिळाली ती चाळिशी ओलांडल्यावर, १८९९ च्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'मुळे. (आपल्या मुलाने सातवीत वाद्य हातात घेतलं म्हणून "उशीर झाला" म्हणणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.)

१९६२ साली बीबीसीच्या 'मॉनिटर' या कलाविषयक कार्यक्रमाचा शंभरावा भाग व्हायचा होता. केन रसेल नावाच्या तरुण दिग्दर्शकाने त्यासाठी एल्गारवर फिल्म केली. कार्यक्रमाचे संपादक होते ह्यू व्हेल्डन. त्यांचा दंडक असा की माहितीपटात नट नकोत. खऱ्या माणसाच्या जागी नट उभा केला की बघणाऱ्याचा विश्वास जातो. आदल्या वर्षी रसेलने प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकारावर फिल्म केली, तेव्हा त्याला फक्त नटाचे पियानो वाजवणारे हात आणि पाण्यातलं प्रतिबिंब दाखवायची परवानगी मिळाली होती. हातच, चेहरा नाही! एल्गारच्या वेळी तडजोड झाली : नट दिसतील, पण एक शब्दही बोलणार नाहीत. कॅमेरा जरा लांबच राहील. बोलेल तो निवेदक, आणि ते निवेदन खुद्द व्हेल्डन यांच्याच आवाजात.

मला सुरुवातीला ही नियमांची ओढाताण फार शिष्टपणाची वाटली. एवढं काय त्यात? पण मग आक्का आठवली.

नट गप्प ठेवण्यात शहाणपणा आहे. नट बोलायला लागला की आपण त्याच्या तोंडी वाक्यं घालतो, आणि ती वाक्यं त्या माणसाने म्हटलेली नसतात. शिवाय संगीतकारावरच्या फिल्ममध्ये नट गप्प असला की संगीताला जागा मिळते. एरवी आपण काय करतो? मागे हळू आवाजात संगीत, वर निवेदकाची अखंड बडबड. संगीतकारावरची फिल्म, आणि त्याचंच संगीत नीट ऐकू येत नाही.

त्या फिल्ममधलं सगळ्यात गाजलेलं दृश्य सुरुवातीचंच आहे. मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवरून एक मुलगा पांढऱ्या घोड्यावर दौडत चाललाय आणि मागे एल्गारची तंतुवाद्यांची एक रचना वाजते आहे, 'इंट्रोडक्शन अँड अलेग्रो'. दृश्य इतकं सुंदर आहे की इंग्लंडमध्ये कित्येकांना एल्गार म्हटलं की तो घोडाच आठवतो. आता यातलं खरं किती ते बघा. टेकड्या खऱ्या. एल्गारचं बालपण त्या भागात गेलं, हेही खरं. पण घोड्यावरचा मुलगा नट आहे. आणि ती रचना १९०५ ची, म्हणजे एल्गार सत्तेचाळीस वर्षांचे असतानाची. गंमत म्हणजे तिच्यातली एक मुख्य धून एल्गारना सुचली ती वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर, लांबून कुणीतरी गात होतं ते कानावर पडलं तेव्हा. असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. या टेकड्यांवर नव्हे! तरीही साठ वर्षं लोकांच्या मनात ती धून आणि त्या टेकड्या एकमेकांना चिकटून बसल्यात.

मग हे खोटं झालं का? मला तसं म्हणवत नाही. रसेलला सांगायचं होतं की हा माणूस या मातीतला आहे, मोकळ्या हवेतला आहे, आणि ते त्याने बरोबर पोचवलं. पण बघणाऱ्याला "हे आम्ही कल्पनेने जुळवलंय" हे कळायला हवं होतं, असं मला वाटतं. मोठ्यांना ते कदाचित कळतं. दहा वर्षांच्या मुलाला कळत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. वर्गात बालगंधर्वांचं चित्र काढून आणा म्हटलं तर निम्मी मुलं सुबोध भावे यांचा फोटो बघून काढून आणतात. २०११ चा 'बालगंधर्व' हा कथापट होता, माहितीपट नव्हता. त्याने काही लपवलेलं नाही, आणि त्यात आनंद भाटे यांनी गायलंयही सुरेख. दोष चित्रपटाचा नाही. आपण मुलांना पुढचं पाऊल टाकायला सांगत नाही, हा आपला दोष. खऱ्या बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. १९३५ सालच्या प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये ते स्वतः एकनाथांच्या भूमिकेत आहेत. हा आवाज आणि तो आवाज एकामागून एक ऐकवले की मुलांना फरक आपोआप कळतो, सांगावा लागत नाही.

एल्गारच्या फिल्ममधली आणखी एक जागा शिक्षकांनी समजून घ्यावी अशी आहे. 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' नावाचं त्यांचं १९०१ चं एक लष्करी थाटाचं संचलन-संगीत आहे. त्यातल्या धूनीवर पुढच्या वर्षी शब्द बसवले गेले आणि 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे देशाभिमानाचं गाणं झालं. रसेलने ती धून पहिल्या महायुद्धातल्या खऱ्या चित्रणावर लावली. विषारी वायूने डोळे गेलेले सैनिक, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, रांगेने चाललेत, आणि मागे हे अभिमानाचं संगीत. अंगावर काटा येतो. ती फिल्म दाखवली गेली तो दिवसही ११ नोव्हेंबर, म्हणजे महायुद्ध थांबल्याचा स्मरणदिन.

इथे नट नाही. चित्रण खरं, संगीतही खरं. पण दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आणि तिसरंच काहीतरी तयार झालं. ते दिग्दर्शकाचं मत आहे. त्या गाण्याचं युद्धात जे झालं त्याविषयी एल्गारना स्वतःला नेमकं काय वाटत होतं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. म्हणजे फिल्म नटामुळेच खरं-खोटं करते असं नाही, नुसत्या जोडणीनेही करते.

हे मुलांना समजावणं अवघड वाटेल, पण एका तासात होतं. मी एसटी स्टँडवरचं एक मिनिटाचं चित्रण घेतलं : गाडी लागते, माणसं चढतात, एक म्हातारी मागे राहते. तेच चित्रण एकदा लेझीमच्या ढोलावर दाखवलं आणि एकदा सनईच्या संथ सुरांवर. पहिल्या वेळी मुलं म्हणाली, "यात्रेला चाललेत." दुसऱ्या वेळी एक मुलगी म्हणाली, "आजीला कुणीतरी सोडून गेलं." मग मी आवाज पूर्ण बंद करून तिसऱ्यांदा दाखवलं आणि विचारलं, आता सांगा, खरं काय झालं? बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एकजण म्हणाला, "बाई, ती बहुतेक दुसऱ्या गाडीची वाट बघत होती." तसंच होतं.

बरं, एल्गारांचं खरं हलतं-बोलतं चित्रण अजिबात नाही असंही नाही. नोव्हेंबर १९३१ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरचा नवा स्टुडिओ सुरू झाला, तेव्हाचं चित्रण आहे. म्हातारे एल्गार वादकांसमोर उभे आहेत, ही धून आधी कधी ऐकलीच नाही अशी वाजवा, असं सांगतात आणि हात उचलतात. थोडाच वेळ चालतं, कॅमेरा एका जागी. सगळ्या सुंदर दृश्यांपेक्षा मला ते जास्त आवडलं. त्या काळी एल्गारांच्या ध्वनिमुद्रणाचं काम बघणारे फ्रेड गाइसबर्ग हेच १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहर जान यांचं गाणं मुद्रित करून गेले होते. त्या मुद्रिकांच्या शेवटी गौहर जान स्वतःचं नाव मोठ्याने सांगतात. गाणं कुणाचं, याचा पुरावा गाण्यातच!

ज्याचं काम दिसत नाही त्याचं काम दाखवायचं कसं, याचं उत्तर मात्र रसेलला पुढे १९६८ मध्ये सापडलं असं मला वाटतं. फ्रेडरिक डिलियस हे संगीतकार उतारवयात आंधळे झाले, शरीर लुळं पडलं. डोक्यात संगीत होतं, पण हाताने लिहिता येत नव्हतं. १९२८ मध्ये एरिक फेन्बी हा बावीस वर्षांचा इंग्रज तरुण आपणहून फ्रान्समध्ये त्यांच्या घरी गेला आणि ते सांगतील तसं उतरवून घेऊ लागला. कुठलं वाद्य, कुठला सूर, किती मात्रा. 'साँग ऑफ समर' ही फिल्म यावर आहे. इथे नट बोलतात, पण इथे साक्षीदार होता. फेन्बी हयात होते, त्यांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं होतं आणि फिल्मलाही त्यांची मदत होती. म्हातारा सुरांची नावं घेतोय, पोरगा धावपळ करत लिहितोय, चुकतोय, पुन्हा लिहितोय. रचना म्हणजे काय हे मला तरी तेव्हा पहिल्यांदा 'दिसलं'.

आपल्याकडेही या वाटेने गेलेली माणसं आहेत. मणी कौल यांनी बनारसच्या ठुमरी गायिका सिद्धेश्वरी देवींवर १९८९ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी 'सिद्धेश्वरी' केली. सिद्धेश्वरी देवी तेव्हा हयात नव्हत्या. मीता वशिष्ठ यांनी ती भूमिका केली. शेवटाकडे काय होतं, तर मीता वशिष्ठ टीव्हीसमोर बसून खऱ्या सिद्धेश्वरी देवींचं गाणं बघतात. म्हणजे फिल्मच सांगते : मी नटी आहे, त्या खऱ्या आहेत. बाकी फिल्म सोपी नाही, मुलांना दाखवू नका, कंटाळतील. मीही मध्ये दोनदा उठले. पण त्या एका दृश्याने आमचा प्रश्न सोडवला.

संगीताच्या हक्कांचंही थोडक्यात सांगते, कारण शाळेच्या फिल्म्स आता सर्रास यूट्यूबवर टाकल्या जातात. रसेलने १९७० मध्ये रिचर्ड स्ट्राउस यांच्यावर फिल्म केली, तीत त्यांच्या नाझींशी असलेल्या संबंधांची अतिशय बोचरी टिंगल होती. घरच्यांनी संगीत वापरायची परवानगी काढून घेतली. फिल्म एकदाच दाखवली गेली, आणि संगीतावरचा हक्क २०१९ अखेर संपेपर्यंत पडून राहिली. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. शाळेत मुलांपुढे आणि पालकांपुढे गाणं वाजवायला सवलत आहे, पण तेच इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट. आणि कायद्याच्या आधी घरच्यांना विचारायचं असतं, हे मी आता शिकले आहे.

तर आम्ही आप्पांची फिल्म पुन्हा केली. या वेळी क्रम उलटा ठेवला, आधी आवाज, मग चित्र. आक्काच्या ट्रंकेत एक कॅसेट निघाली, सप्ताहातल्या भजनाची. शेजारच्या गावातून टेपरेकॉर्डर आणला. आवाज खरखरीत आहे, पण पेटीच्या भात्याचा श्वास स्पष्ट ऐकू येतो, आणि मध्येच आप्पा "हां, उचला" म्हणतात. मुलांनी ते एवढंच आठ-दहा वेळा ऐकलं.

मग पेटी बघितली. आधीही बघितली होती, पण या वेळी नीट बघितली. काही पट्ट्या जास्त झिजल्या होत्या. आमच्या गावातल्या दुसऱ्या पेटीवाल्या काकांनी त्यावर बोट ठेवून सांगितलं की आप्पा काळी दोनमध्ये वाजवायचे. आणि भात्याच्या उजव्या कडेचं पॉलिश हाताने पार गेलं होतं. उजव्या कडेचं! ते तिथेच होतं, पहिल्या दिवसापासून. ज्या मुलाने आप्पांचं काम केलं होतं त्यालाच ते आधी दिसलं. तो लाल झाला.

त्याचं दृश्य काढून टाकायचं का, यावर वर्गात मतं घेतली. मुलगे म्हणाले काढा, मुली म्हणाल्या ठेवा. शेवटी ठेवलं, पण खाली अक्षरं टाकली : 'हा आमचा वर्गमित्र आहे. आप्पा डाव्या हाताने वाजवायचे.' त्यानंतर लगेच कोपऱ्यातली रिकामी पेटी आणि कॅसेटवरची खरी चाल, पूर्ण दीड मिनिट, वर कुणाचंही बोलणं नाही. फिल्म आता साडेचार मिनिटांची झाली आहे. प्रत्येक चित्राखाली लहान अक्षरांत लिहिलंय : खरा फोटो, खरी जागा, अभिनय, किंवा आमची कल्पना. हे चार शब्द तुम्ही कुठल्याही प्रकल्पाला वापरू शकता, इतिहासाच्या तर नक्कीच.

पालकांना एक विनंती. घरात आजी-आजोबांच्या आवाजाच्या, भजनाच्या, ओव्यांच्या कॅसेट असतील तर माळ्यावरून खाली काढा. टेपला बुरशी लागते, आणि ती लागली की सूर जातो. साध्या टेपरेकॉर्डरसमोर मोबाईल धरून उतरवून घेतलं तरी चालतं, फक्त पंखा बंद करा. आम्ही विसरलो होतो, पहिली दहा मिनिटं वाया गेली.

आक्काने नवी फिल्म घरीच बघितली. दीड मिनिट संपेपर्यंत काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "दुसऱ्या बाजूला हरिपाठ आहे, तो पण काढून द्या." ती बाजू अजून उतरवायची राहिली आहे. टेप मध्येच अडकते.